कामठीचे मँगनीज आणि पंचविसाचा आकडा

नागपूरच्या ईशान्येस सुमारे १० मैलांवर, कन्हान नदीच्या तीरी, १८२१ साली इंग्रजांनी जी लष्करी छावणी वसविली, तिच्या आश्रयाने वाढलेले कामठी हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उतरणीला लागले होते. छावणीच्या रसदेवर, धान्य, मीठ व गुरे यांच्या बाजारावर आणि मारवाडी पेढ्यांच्या हुंड्यांवर पोसलेल्या या गावाची वस्ती १८८१ च्या खानेसुमारीत ५० हजारांच्या वर भरली होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती ३९ हजारांच्याही आत आली. लोहमार्गाने व्यापार नागपुरात एकवटला, पलटणी कमी झाल्या, आणि कन्हानवरच्या भक्कम दगडी पुलावरून जाणाऱ्या गाड्या कामठीच्या बाजारात थांबण्याचे कारण उरले नाही. नेमक्या अशा वेळी, उत्तरेस पंधरा-वीस मैलांवर, रामटेक तहसिलीतील टेकड्यांतून एक काळाकभिन्न आणि हाताला अपेक्षेपेक्षा फार जड लागणारा दगड निघू लागला, आणि पुढची १५ वर्षे कामठीच्या कित्येक पेढ्यांवर कापूस व गल्ला यांच्या जोडीने त्या दगडाचे भाव बोलले जाऊ लागले. तो दगड मँगनीजचा होता.

याच सुमारास, कामठीचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते अशा मँचेस्टर, ग्लासगो आणि केंब्रिज येथील काही शास्त्रज्ञांनी एका जुन्या प्रश्नाचा निकाल लावला: एकाच मूलद्रव्याचे अणू एकाच मूलद्रव्याचे म्हणून ओळखले जातात ते त्यांच्यातील कोणत्या समान लक्षणामुळे? या दोन हकिकतींत कार्यकारणाचा संबंध नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. परंतु ज्या समानतेचे रहस्य प्रयोगशाळेत उलगडत होते, तिच्याच आधारावर कामठीचा व्यापारी आपला माल सातासमुद्रापलीकडे विकत होता. म्हणून या दोन हकिकती शेजारी ठेवून सांगाव्या असे वाटते.

या परिसरातील दगडांकडे व्यापाऱ्याच्या आधी एका पाद्र्याची नजर गेली होती. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले, तेव्हा तेथे अद्याप भोसल्यांचे राज्य होते; इंग्रजी छावणी कामठीस असल्यामुळे मिशनच्या कामाचा पाया प्रथम तेथेच घातला गेला. धर्मप्रसाराच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना हिस्लॉप यांनी भूस्तरांचे जे निरीक्षण केले, ते पाहिले म्हणजे हा गृहस्थ मनाने अर्धा भूगर्भशास्त्रज्ञ होता, हे मान्य करावे लागते. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी नागपूरच्या भूरचनेवर जे निबंध लिहिले, ते लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेने छापले. आणि कामठी व सिल्लेवाडा येथील वालुकाश्माच्या खाणींतून त्यांनी जमविलेल्या प्राचीन वनस्पतींच्या ठशांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली प्रसिद्ध केले. ग्लॉसॉप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसेही त्यांत होते, आणि पुढे त्या वालुकाश्माच्या थरांना ‘कामठी’ हेच नाव पडले. ते आज गोदावरीच्या खोऱ्यात आणि ओडिशातही चालते. कामठी गाव पाहिलेले लोक थोडे असतील, परंतु कामठी थर न शिकलेला भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी हिंदुस्थानात मिळणार नाही.

हिस्लॉप यांनी नागपूरजवळून पाठविलेला एक हिरवा खनिज खडा डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन यांनी १८५९ मध्ये तपासला व त्यास ‘हिस्लॉपाइट’ असे नाव दिले. पुढे असे ठरले की, तो नवा पदार्थ नसून हिरव्या द्रव्याच्या मिश्रणाने रंगलेला कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचाच स्फटिक, होता. हिस्लॉप स्वतः सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटच्या शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून वारले. त्यांच्या नावाचे खनिज खनिजशास्त्राच्या यादीतून जवळजवळ पुसले गेले, पण त्याच्यातील कॅल्शियम, कार्बन व प्राणवायू ही तीन मूलद्रव्ये होती तशीच राहिली. खनिजाचे नाव हा माणसांच्या आपसातील करार आहे व तो मोडता येतो. मूलद्रव्याची गोष्ट निराळी असते.

ती निराळी का असते, याचे उत्तर हिस्लॉप यांच्या हयातीत जे दिले जाई ते इंग्लंडातील जॉन डाल्टन याचे होते. १८०३ ते १८०८ या काळात त्याने असे प्रतिपादिले की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपसात सर्वस्वी सारखे आणि समान वजनाचे असतात, आणि निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या अणूंची वजने निरनिराळी असतात. म्हणजे तराजू हाच न्यायाधीश. हे उत्तर इतके सुटसुटीत होते की, शतकभर रसायनशास्त्राचा सारा संसार त्यावर चालला.

आपल्याकडील वैशेषिक दर्शनाने हाच प्रश्न फार पूर्वी, आणि माझ्या मते अधिक खोलात जाऊन, विचारला होता. पृथ्वीचे परमाणू एकाच जातीचे, एकाच गुणांचे; मग एक परमाणू दुसऱ्याहून वेगळा कशाने? त्यावर वैशेषिकांचे उत्तर असे की, प्रत्येक परमाणूच्या ठायी ‘विशेष’ नावाचा एक अंतिम भेदक पदार्थ वसतो, जो सामान्य जनांस दिसत नसला तरी योग्यांस दिसतो, आणि ज्यायोगे हा परमाणू तोच, तो परमाणू दुसरा, असे ओळखता येते. दर्शनाचे नावच या पदार्थावरून पडले. आधुनिक विज्ञानाने दोन सारख्या अणूंच्या बाबतीत नेमका हा ‘विशेष’ नाकारला; परंतु प्रश्न मांडण्याची निकड प्रथम आमच्या शास्त्रकारांना वाटली होती, एवढे श्रेय त्यांच्या पदरात टाकण्यास हरकत नसावी.

डाल्टनच्या तराजूला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरा साक्षीदार मिळाला, तो प्रकाशाचा. प्रत्येक मूलद्रव्य तापविले असता त्याच्या वर्णपटात ठराविक जागी ठराविक रेषा उमटतात, हे बुन्सेन व किरखॉफ यांनी १८६० च्या सुमारास दाखविले; आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी गुंटूर, मच्छलीपट्टण आणि पटवर्धनांचे जमखिंडी येथे दुर्बिणी रोवून बसलेल्या निरीक्षकांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला, तेव्हा पृथ्वीवर तोवर न सापडलेल्या हेलियमच्या शोधास चालना मिळाली. (विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून नॉर्मन लॉकियरने तेथे १८६८ मध्ये हेलियम शोधला असे जे सांगतात, ते खरे नव्हे; त्या साली लॉकियर इंग्लंडात होता, विजयदुर्गास तो आला १८९८ च्या जानेवारीतील ग्रहणास.) १८९५ मध्ये रॅम्झे याला पृथ्वीवरच्या खनिजात तोच हेलियम सापडला, आणि त्याच्या रेषा सूर्यातल्या रेषांशी तंतोतंत जुळल्या. सूर्यातला अणू व इंग्लंडातला अणू यांत भेद नाही, ही गोष्ट क्लार्क मॅक्सवेल याने १८७३ च्या आपल्या व्याख्यानात आधीच बजावून सांगितली होती. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यांवर निदान सनाचा आकडा तरी निराळा असतो, येथे तोही नाही. तथापि अणूंवर हा समान छाप कशाचा आहे, हे मॅक्सवेलला सांगता आले नव्हते.

आता मँगनीजकडे वळू. ही धातू १७७४ साली स्वीडनच्या गान या रसायनज्ञाने प्रथम वेगळी काढली. परंतु तिच्या खनिजाला खरा बाजार मिळाला तो पोलादामुळे. बेसेमरच्या भट्टीत ओतलेले पोलाद ठिसूळ निघे. मुशेट याने त्यात मँगनीजयुक्त लोखंड मिसळण्याची युक्ती काढली, मँगनीजने पोलादातील प्राणवायू व गंधक बांधून टाकले, आणि पोलाद घडाईस योग्य झाले. १८८२ मध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड याने १२-१३ टक्के मँगनीज घालून असे पोलाद तयार केले की, जे जितके ठोकावे तितके अधिक कठीण होत जाते. पोलादाच्या प्रत्येक टनामागे थोडेबहुत मँगनीज हवेच, असे झाल्यावर जगभर या काळ्या दगडाचा शोध सुरू झाला. रशियाच्या अमलाखालील जॉर्जियात चियातुरा येथे त्याचे मोठे साठे होते. हिंदुस्थानात १८९२ मध्ये विशाखापट्टण जिल्ह्यात काम सुरू झाले. आणि १८९६ मध्ये विलायतेत स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने १८९९-१९०० च्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील मनसर व कांद्री या टेकड्यांना हात घातला.

हा दगड शोधण्यास येथे खाली जावे लागत नव्हते. मनसर, कांद्री, सातक, लोहडोंगरी, बेलडोंगरी, काचुरवाही, मांद्री, गुमगाव अशा ठिकाणी खनिजाची कडाच टेकडीच्या माथ्यावर उघडी पडलेली होती. लोहडोंगरी हे नावच सांगते की, गावकऱ्यांस तिच्या वजनाची ओळख फार आधीपासून होती, फक्त तिच्यातली धातू कोणती याविषयी त्यांची समजूत एका घराने चुकली होती. जमीन मालगुजाराची असली तरी भूगर्भातील खनिजावर हक्क सरकारचा. त्यामुळे अर्ज, शोधपरवाना, पट्टा, नजराणा, स्वामित्वधन अशा कागदांची एक नवी रीघ जिल्हा कचेरीत लागली. सुरुंगाने फोडलेला दगड बायाबापड्या हातोडीने ठेचीत, काळा एकीकडे आणि गारेचा दुसरीकडे करीत, टोपल्यांनी वाहून त्याचे मोजमापाचे ढीग लावीत. ढिगावर मजुरी मिळे. मग बैलगाड्यांनी व पुढे थारसा स्थानकापासून घातलेल्या हलक्या ट्रामवेने तो माल बंगाल-नागपूर रेल्वेच्या वाघिणींत पडे, आणि मुंबई किंवा कलकत्ता बंदरातून जहाजावर चढे.

१९०५ साली रशियात जी बंडाळी माजली, तिने चियातुराचा माल अडवला, आणि भाव भडकले. कामठीस तेव्हा एकच धांदल उडाली. ज्यांनी जन्मात खाण पाहिली नव्हती असे लोक पट्ट्यांसाठी अर्ज करू लागले; बन्सीलाल अबीरचंद यांच्यासारख्या मातबर पेढीने खाणींत भांडवल घातले, आणि कामठीचे व्यापारी डी. लक्ष्मीनारायण यांचे नाव खाणमालकांत घेतले जाऊ लागले. १९०७ साली हिंदुस्थानातून निघालेले मँगनीज ९ लाख टनांच्या आसपास पोचले व त्यात सर्वांत मोठा वाटा मध्यप्रांताचा होता. भाव पुढे उतरलेच, आणि हौसे-गवसे पट्टेदार आले तसे गेलेही. परंतु धंदा टिकला.

या धंद्याची एक रीत मला फार अर्थपूर्ण वाटते. मँगनीजचा दगड नगावर विकला जात नव्हता, आणि नुसत्या टनावरही नव्हता. विलायतेतील भाव ‘युनिट’वर बोलला जाई: एका टनात मँगनीजचे प्रमाण शेकडा एक, म्हणजे एक युनिट. टनाला ५० टक्के मँगनीज भरले तर ५० युनिटांचे पैसे. सिलिका किंवा फॉस्फरस अधिक असेल तर कपात. पहिल्या प्रतीचा माल म्हणजे पन्नाशीच्या वरचा. बंदरात माल उतरताना त्याचा नमुना काढून रसायनज्ञाकडे जाई, आणि त्याचा दाखला हाच हिशेबाचा आधार. टेकडीचे सौंदर्य, स्फटिकाची झळाळी, खनिजाचे शास्त्रीय नाव, यांपैकी कशालाही छदाम मिळत नसे. कामठीचा सावकार मूलद्रव्य विकत होता. त्याला तो शब्द ठाऊक असो वा नसो, त्याच्या चोपडीतील बेरीज त्या कल्पनेवर चालत होती.

याच्या अगदी उलट दिशेने याच टेकड्यांकडे पाहणारा एक इसम त्या वेळी बैलगाडीने त्याच रस्त्यांवर फिरत होता. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील लुई ली फर्मोर हा तरुण अधिकारी १९०२ मध्ये हिंदुस्थानात आला, आणि त्याने मँगनीजच्या साठ्यांवर १९०९ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो हजाराहून अधिक पृष्ठांचा आहे. (इंग्रजी वाचकांस प्रवासलेखक म्हणून परिचित असलेला पॅट्रिक ली फर्मोर हा त्याचाच मुलगा.) फर्मोरला भेदांचे वेड होते, आणि ते वेड सत्कारणी लागले. काचुरवाहीच्या खाणीत सापडलेल्या, एका बाजूने किरमिजी तर दुसऱ्या बाजूने निळ्या दिसणाऱ्या खनिजास त्याने ‘ब्लॅनफर्डाइट’ म्हटले. बेलडोंगरीच्या चुंबकीय खनिजास आपल्या सहकाऱ्याच्या नावे ‘व्रेडेनबर्गाइट’. छिंदवाड्याच्या सीतापारवरून ‘सीतापाराइट’. आपल्या खात्याच्या प्रमुखावरून ‘हॉलंडाइट’. आणि मँगनीजयुक्त गारनेट व गार यांच्या ज्या खडकाशी या खनिजांचे साठे निगडित आहेत, त्या खडकाला गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’. यांपैकी काही नावे टिकली, काही हिस्लॉपाइटच्या वाटेने गेली. सीतापाराइट म्हणजे आधीच माहीत असलेला बिक्सबाइट, असे पुढे दिसून आले. या सगळ्या गोतावळ्यात सामान्य काय, तर प्रत्येकात कमीअधिक मँगनीज. त्याच मँगनीजचे पोटॅश परमँगनेट झाले की त्याचा जांभळा रंग पटकीच्या साथीत विहिरीविहिरींतून दिसे. काळा दगड, रुपेरी पोलाद, जांभळे पाणी: इतकी सोंगे पालटूनही जे पालटत नाही ते काय, हा प्रश्न फर्मोरच्या ग्रंथात नाही, आणि तसा तो असण्याचे कारणही नव्हते.

वजन हे त्याचे उत्तर, असे डाल्टनपासून चालत आले होते. पण ते उत्तर आता डळमळू लागले होते. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडून आवर्तसारणी केली, तेव्हा काही जागी वजनाचा क्रम गुणांच्या क्रमाशी भांडत होता. कोबाल्टचा अणुभार निकेलहून जास्त, तरी गुणांच्या दृष्टीने कोबाल्ट आधी यावयास हवा. मेंडेलीव्हने मँगनीजच्या खालची जागा रिकामी ठेवून तेथे यावयाच्या अज्ञात मूलद्रव्यास संस्कृत अंकाचा आधार घेऊन ‘एक-मँगनीज’ असे नाव देऊन ठेवले होते, तीही जागा भरत नव्हती. १९११ मध्ये रदरफर्डने अणूच्या मध्यभागी धनभारित गर्भ असतो असे दाखविले, आणि हॉलंडातील फान डेन ब्रुक या कायदेपंडिताने, ज्याचा पदार्थविज्ञान हा केवळ छंद होता, अशी सूचना केली की, सारणीतील स्थानाचा अनुक्रमांक आणि गर्भावरील धनभार ही एकच संख्या असावी. व्यवसायाबाहेरच्या माणसाला एखादी गोष्ट आधी दिसते, याचे हे एक बरे उदाहरण.

सूचना सिद्ध करणे राहिले होते. ते काम रदरफर्डच्या मँचेस्टर येथील प्रयोगशाळेतील हेन्री मोझली या २५ वर्षांच्या तरुणाने १९१३ मध्ये केले. निर्वात नळीत त्याने एक छोटासा रूळमार्ग बसविला, त्यावरील गाडीत निरनिराळ्या मूलद्रव्यांचे नमुने ओळीने ठेवले, आणि रेशमी दोरीने गाडी ओढीत एकेक नमुना विद्युत्कणांच्या झोताखाली आणून त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची कंपनसंख्या मोजली. कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या त्या रांगेत मँगनीज होते. कंपनसंख्यांची वर्गमुळे काढून पाहिली, तर ती एका मूलद्रव्यापासून पुढच्यापर्यंत सारख्या पायरीने चढत गेली. वजने कधी दोनाने वाढत, कधी चाराने, कधी उलटी पडत. ही संख्या मात्र प्रत्येक वेळी बरोबर एकाने वाढली. क्रोमियम २४, मँगनीज २५, लोखंड २६, कोबाल्ट २७, निकेल २८. कोबाल्ट-निकेलचा तंटा एका दिवसात मिटावा तसा मिटला. विसाव्या शतकातील शास्त्रीय प्रयोगांत इतक्या साध्या सामग्रीत इतका मोठा निकाल देणारा दुसरा प्रयोग मला सांगता येणार नाही.

येणेप्रमाणे अणूची जात त्याच्या गर्भातील धनभाराच्या संख्येने ठरते, हे निश्चित झाले. त्या धनकणास पुढे प्रोटॉन म्हणू लागले. गर्भात २५ प्रोटॉन असले की भोवती २५ इलेक्ट्रॉन. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनी रासायनिक वर्तन ठरावयाचे. म्हणून २५ हा आकडा असलेला प्रत्येक अणू मँगनीजसारखाच वागणार, मग तो दगडात असो, पोलादात असो वा विहिरीच्या पाण्यात. संयोग होताना इलेक्ट्रॉन दिले-घेतले जातात, त्यामुळे सोंगे पालटतात. गर्भाला भट्टीचा जाळ किंवा आम्लाचा दाह शिवत नाही. लोहडोंगरीस लोखंडाची म्हणणाऱ्या गावकऱ्यांचा हिशेब एका घराने चुकला असे वर म्हटले, ते याच अर्थाने: पंचवीस आणि सव्वीस. कामठीपासून मैलभरावरच्या वारेगावचे शिलावर्तुळ १८६० च्या दशकात मेजर पिअर्स यांनी खणले, तेव्हा त्यात मृतांसोबत पुरलेल्या लोखंडी वस्तू सापडल्या. त्या पुरातन लोखंडाचा प्रत्येक अणूही सव्वीसच.

आणि वजनाचे काय झाले? त्याच १९१३ साली ग्लासगोच्या फ्रेडरिक सॉडीने दाखविले की, रसायनदृष्ट्या सर्वस्वी एक असलेल्या मूलद्रव्याचे अणू वजनाने भिन्न असू शकतात. त्यांना त्याने समस्थानिक म्हटले. पुढल्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड्‌सने किरणोत्सर्गी खनिजातले शिसे साध्या शिशापेक्षा हलके भरते हे तोलून दाखविले. नंतर केंब्रिजच्या अ‍ॅस्टनने १९१९ पासून आपल्या यंत्राने निऑनचे २० व २२ असे दोन प्रकार वेगळे केले, आणि एकेका मूलद्रव्याची झडती घेत सुटला. १९३२ मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधून काढला तेव्हा या भेदाचे मर्म कळले: प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमीजास्त. डाल्टनचे अर्धे वाक्य, समान वजनाचे, असे रद्द झाले. अर्धे, म्हणजे अणूंची जात एक, ते अधिक पक्के झाले. कार्बनचे अणू १२, १३ व क्वचित १४ वजनाचे असतात. सहा प्रोटॉन तिघांतही. लोखंडाचे चार स्थिर प्रकार, तांब्याचे दोन.

मँगनीजचा मात्र एकच. निसर्गात सापडणारे मँगनीज म्हणजे २५ प्रोटॉन, ३० न्यूट्रॉन, वजन ५५. दुसरा स्थिर प्रकार नाही. सोडियम, अ‍ॅल्युमिनियम, सोने अशी आणखी काही मूलद्रव्ये या पंगतीत आहेत, परंतु कामठीच्या इतिहासाच्या दृष्टीने मँगनीज त्यात असणे हे फार महत्त्वाचे. शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण खाणीखाणीत बदलते. त्यामुळे प्राचीन कांस्यमूर्तीतील शिसे कोणत्या प्रदेशातून आले याचा तर्क आज प्रयोगशाळेत करता येतो. मँगनीजला तेवढीही खूण नाही. कांद्रीचा अणू आणि चियातुराचा अणू यांच्यात मोझलीच्या आकड्याने भेद नाही, अ‍ॅस्टनच्या वजनानेही नाही. खनिजातील इतर अशुद्ध द्रव्यांवरून काही अटकळ बांधता येईल ती दगड आहे तोवर, भट्टीत शिरल्यावर तीही संपली. वैशेषिकांचा योगी बोलावला तरी त्याला तेथे पाहावयास ‘विशेष’ सापडणार नाही.

महायुद्धात या गोष्टीला एक विषण्ण जोड मिळाली. मोझलीने प्रयोगशाळा सोडून सैन्यात नाव घातले, आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर दूरध्वनीवरून हुकूम देत असताना डोक्यात गोळी लागून तो ठार झाला. वय २७. त्याच वर्षाच्या शरद ऋतूपासून इंग्रजी शिपायांना पोलादी शिरस्त्राणे मिळू लागली, आणि ती हॅडफील्डच्या मँगनीज-पोलादाची होती. त्या शिरस्त्राणांत कोणत्या खाणीचे मँगनीज किती, हे अणूंवरून कोणीही सांगू शकणार नाही. मोझलीने रिकामी दाखविलेली ४३ क्रमांकाची जागा, म्हणजे मेंडेलीव्हचे ‘एक-मँगनीज’, १९३७ मध्ये पेरियर व सेग्रे यांनी कृत्रिमरीत्या घडलेल्या टेक्नेशियमने भरली. तो पाहावयास मोझली नव्हता.

कामठीचा पैसा मात्र ज्या खाणींतून आला त्यांची आठवण धरून राहिला, निदान एका बाबतीत. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० च्या आपल्या मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपयांची मिळकत नागपूर विद्यापीठास उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र शिकविण्यासाठी दिली. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. धर्मशाळा, घाट, देऊळ या रूढ वाटा सोडून एका व्यापाऱ्याने रसायनासाठी एवढी रक्कम ठेवावी, ही त्या काळच्या मध्यप्रांतात असामान्य गोष्ट होती, आणि त्या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तिच्यातून बाहेर पडलेल्या रसायन अभियंत्यांच्या पिढ्यांनी तेल, रंग, कागद आणि खाद्यपदार्थ यांचे कारखाने चालविले. इकडे खाणींचा धंदाही चालूच राहिला. १९३१ मध्ये रायपूर-विजयानगरम्‌ लोहमार्ग पुरा झाला व १९३३ मध्ये विशाखापट्टणचे बंदर उघडले, तेव्हा मध्यप्रांताच्या मालाला जवळचा समुद्र मिळाला. आणि १९६२ मध्ये वर सांगितलेल्या सिंडिकेटच्या जागी आलेल्या इंग्रजी कंपनीबरोबर करार होऊन मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी निघाली, जिचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे व जी कांद्री, मनसर, बेलडोंगरी आणि गुमगाव या खाणी चालविते. मालाची प्रतवारी आजही मँगनीजच्या टक्क्यावर होते.

या साऱ्या व्यवहाराचा मागोवा घेताना एक अडचण पदोपदी जाणवते. सरकारी दप्तरात पट्ट्यांच्या नोंदी आहेत, फर्मोरच्या ग्रंथात खाणींची वर्णने आहेत. पण कामठीच्या ज्या पेढ्यांनी हा धंदा केला, त्यांच्या बाजूचे लिखित फारच थोडे उजेडात आले आहे. कोणत्या टेकडीचा माल कोणत्या वर्षी कोणत्या जहाजाने गेला, ढीग लावणाऱ्या बायकांस रोज काय पडे, विलायतेच्या पृथक्करणावरून किती कपात होई, याची साक्ष त्या मालातील अणूंकडून कधीच मिळणार नाही; ती मिळाली तर फक्त कागदांतून. म्हणून कामठी, कन्हान व रामटेक येथील ज्या घराण्यांत त्या काळच्या चोपड्या, रेल्वेच्या पावत्या, पृथक्करणाचे दाखले किंवा मजुरीची हजेरीपुस्तके अद्याप शिल्लक असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता नागपूर विद्यापीठाच्या इतिहास विभागाच्या अथवा लक्ष्मीनारायण संस्थेच्या स्वाधीन करावी, अशी विनंती आहे.